पगार आणि बचत एकाच खुंटीला

पुण्यातल्या भाच्याने परवा दोन फंडांची नावं पाठवली. "मामा, यातला कुठला घेऊ?" एक नॅसडॅक १०० निर्देशांकावर, म्हणजे नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांवर चालणारा, दुसरा अमेरिकेतल्या तंत्रज्ञान कंपन्यांचा. ताईच्या घरी यावरून महिनाभर वाद चालू आहे. मेहुणे म्हणतात, एफडी सोडून काही नको. २००० साली त्यांनी घेतलेला एक सॉफ्टवेअर शेअर शेवटी कागदापुरता उरला. भाचा म्हणतो, एआय ही नुसती हवा नाही, या कंपन्या खरोखर नफा कमावतात, आणि एसआयपी चालू ठेवली की पडझडीचं भय नाही.

नफ्याचं त्याचं म्हणणं खरं आहे. पण नफा सिस्को ही नेटवर्कची यंत्रं बनवणारी अमेरिकन कंपनीही कमावत होती. मार्च २००० मध्ये ती काही काळ बाजारमूल्यात जगात पहिली होती, शेअर ८० डॉलरवर. इंटरनेट पसरेल आणि त्याला सिस्कोची यंत्रं लागतील, हा हिशेबही बरोबर निघाला. तरी २००२ मध्ये शेअर १० डॉलरच्या खाली गेला आणि जुना भाव परत दिसायला २५ वर्षं लागली. कंपनी चांगलीच होती, भाव भलता होता.

मी १९९८ साली एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर कॅलिफोर्नियात आलो. पुढच्या मार्चमध्ये इन्फोसिस नॅसडॅकवर आली तेव्हा आम्हा मराठी पोरांचा ऊर भरून आला होता. त्या वर्षी नॅसडॅकचा मुख्य निर्देशांक ८५ टक्क्यांनी वाढला. मी निवृत्तीच्या खात्यातले, म्हणजे ४०१(के)मधले, सगळे पैसे दोन फंडांत घातले. निवडले कसे? आदल्या वर्षी ज्यांनी सर्वांत जास्त दिलं ते. दोन्हींत वरचे शेअर जवळपास तेच आहेत, हे मी उघडून पाहिलंही नव्हतं.

१० मार्च २००० ला नॅसडॅक ५,०४८ वर बंद झाला, ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर. मधल्या काळात, २००१ मध्ये, आमचा अख्खा गट कामावरून कमी झाला. व्हिसा नोकरीला बांधलेला, आणि नोकरी गेल्यावर नवी शोधायला आज मिळते ती ६० दिवसांची मुदत तेव्हा नव्हती. मुलगी आठ महिन्यांची. पगार, बचत आणि या देशातलं राहणं, तिन्ही मी एकाच खुंटीला टांगली होती. नॅसडॅक २०१५ मध्ये जुन्या उंचीवर आला खरा, पण मला भाडं त्याच महिन्यात भरायचं होतं. निवृत्तीआधी पैसे काढल्याचा दहा टक्के दंड सोसून फंड विकले.

म्हणून घरचा वाद मला अपुरा वाटतो. मेहुण्यांशी मी सहमत नाही: अ‍ॅमेझॉन १०६ डॉलरवरून ६ च्या खाली येऊनही तगली, आणि तगणारी कोणती हे आधी कळत नाही म्हणूनच सगळ्या क्षेत्रांचा फंड घ्यावा. भाच्याशीही नाही. तो हिंजवडीत अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. एसआयपी चालू राहायला आधी पगार चालू राहावा लागतो.

मी त्याला सांगितलं, दोन्ही फंडांतल्या पहिल्या दहा कंपन्या शेजारी शेजारी लिही आणि खाली तुझ्या क्लायंटचं नाव लिही. रात्री वहीच्या पानाचा फोटो आला. सात नावं दोन्हीकडे सारखी, आणि क्लायंट त्या सातांत. रविवारी फोन करणार आहे. ताई-मेहुण्यांनाही सोबत बसायला सांगितलंय.