हॉलचं कुलूप, आगाऊ सुपारी आणि तुमची कमेंट

दादा, तुमची कमेंट रविवारी रात्री वाचली आणि पहिल्यांदा रागच आला, खरं सांगते. लगेच उत्तर टाईप करायला बसले होते, मग पुसलं सगळं. सोमवारी परत वाचली तेव्हा शेवटच्या ओळीवर अडकले. म्हणून चार दिवस लागले.

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल म्हणून सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी सिंधुदुर्गातल्या आमच्या तालुक्यातल्या सांस्कृतिक केंद्राने, म्हणजे सगळे ज्याला नुसतं "हॉल" म्हणतात त्याने, कोरोनाच्या दोन वर्षांत काय काय केलं ते लिहिलं होतं. मी तिथे कमिटीवर आहे, हिशोब बघते. त्यावर मूळचे इथलेच पण मुंबईत असणारे हे दादा म्हणतात की हॉल बंद होता तर कौतुक कसलं, तांदूळ-डाळीचे किट तर प्रत्येक मंडळाने वाटले. न झालेल्या नाटकांची आगाऊ सुपारी (बुकिंगचे पैसे) देणं म्हणजे लोकांच्या देणग्या उधळणं. मोबाईलवरचा दशावतार (आमच्याकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य) हा दशावतारच नव्हे. आणि शेवटी, "२०२० च्या गणपतीला आम्ही शाळेत चटईवर झोपलो होतो, समोर तुमच्या हॉलला कुलूप होतं. ते कुलूप तुमच्या पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही."

कुलुपापासूनच सुरुवात करते.

होतं कुलूप. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती, सरकारने सांगितलेलं की १२ तारखेच्या आत गावात पोचा आणि दहा दिवस विलगीकरणात राहा, एस्टीत फक्त २२ माणसं बसवत होते, आणि पहिल्या आठवड्यापासूनच लोक यायला लागलेले. शाळेच्या दोन खोल्यांत किती माणसं मावणार. ग्रामपंचायतीने आमच्याकडे हॉल मागितला होता. आमच्याकडे पंखे होते, चार संडास होते, पाण्याची टाकी होती, मागे मेकअप रूममध्ये आरसे आणि बाकडी होती. आम्ही मीटिंग घेतली, मग अजून एक घेतली, खुर्च्या खराब होतील, नंतर कोणी नाटकाला यायचं नाही, फवारणी कोण करणार असं सगळं बोलणं झालं आणि होकार द्यायला आठ दिवस गेले. मी त्या दोन्ही मीटिंगांना होते आणि मी पण गप्प बसले. होकार गेला तोवर तुमच्यासारख्यांचे निम्मे दिवस शाळेतच संपले होते आणि हॉलमध्ये शेवटी जेमतेम काही घरं राहून गेली. पोस्टमध्ये मी लिहिलं "हॉल विलगीकरणासाठी दिला". ते वाक्य खोटं नाही पण अर्धं आहे. आज ती पोस्ट उघडून तिथे तारखा टाकल्यात.

भीती सगळ्यांना होती दादा, गावातल्या म्हाताऱ्यांसाठी खरंच होती. पण तुम्ही लिहिलंय ना की "गावाने आम्हाला रोग म्हणून बघितलं", तर त्यात हॉलही होता हे मला कबूल करायलाच हवं. आणि मला जास्त लागतं ते हे, की मे महिन्यात वाडीच्या पूजेला दशावतार लावतात कोण? तुम्हीच. वर्गणी मुंबईतून येते, नाईट, म्हणजे रात्रीचा प्रयोग, तुम्ही ठरवता, पहिल्या रांगेत चटई टाकून पहाटेपर्यंत तुम्ही बसता. आमच्या हॉलच्या पत्र्यांचे अर्धे पैसे चाकरमान्यांचे आहेत.

आता सुपारीबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

तुम्हाला दशावतारी कंपनीचं वर्ष माहिती असेल, पण पैसा कसा फिरतो ते बघा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की हंगाम सुरू, मग वैशाखापर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे कंपनीचा सामानाचा पेटारा उतरतो. देवळांच्या जत्रा ठरलेल्या, परंपरेच्या, त्यात मान असतो पण पैसा बेताचा. खरी कमाई चैत्र-वैशाखात, नवसाच्या नाईटी, वाडीच्या पूजा, घरभरणी. कोणी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते ती याच दोन महिन्यांत फिटते आणि त्यातनंच आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची असते, तांदूळ, सुकी मासळी, चार महिन्यांचं मीठ-मसाला, घरावरची प्लॅस्टिकं. मृगाच्या आधी ते सगळं घरात यायला लागतं कारण नंतर चार महिने नाटक नाही. आणि लॉकडाऊन लागला कधी? २५ मार्च २०२०, बरोब्बर गुढीपाडव्याला. म्हणजे नुसत्या दोन महिन्यांच्या नाईटी गेल्या नाहीत, पूर्ण पावसाळा गेला. तो पुढचा कार्तिकही धड आला नाही, कारण देवळं १६ नोव्हेंबरला उघडली पण जत्रा नुसत्या धार्मिक विधीपुरत्या, पालखी आणि चार मानकरी.

आम्ही आधी किटच घेऊन गेलो होतो. मी स्वतः गाडीत होते. एक राजपार्टी (राजाची कामं करणारे) कलाकार, साठीच्या पुढचे, त्यांना मी लहानपणापासून रंगमंचावर बघत आले, मुकुट घालून उभे राहिले की मांडवात चिडीचूप. ते पडवीत आले, पिशवीकडे बघितलं, हात लावला नाही. म्हणाले, "बाय, माका फुकटचा कायएक नको. नाईट लाव, पैशे मगे दी." मी काय बोलणार. पिशवी गाडीत परत ठेवली आणि येताना कोणीच काही बोललं नाही.

आगाऊ सुपारी निघाली ती त्या पडवीतून. हॉलच्या नावाने नारळ ठेवायचा, तारीख मोकळी सोडायची, पैसे आत्ता द्यायचे, सरकार परवानगी देईल तेव्हा नाईट करायची. वहीत रीतसर लिहायचं, सही घ्यायची. तुम्ही याला उधळणं म्हणता. अहो, हा व्यवहार आहे, आणि तो व्यवहार होता म्हणूनच त्यांनी ते पैसे घेतले. पेटीवाला, मृदंगवाला, चक्कीवाला (झांज वाजवणारा), पेटारे उचलणारी मुलं, सगळ्यांना वेगवेगळी सुपारी, मालकाच्या हातात एकरकमी दिली नाही, यावर आमच्यातच मोठा वाद झाला होता पण तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. आणि फिटल्या का? बऱ्याच फिटल्या. काही अजून बाकी आहेत. दोन माणसं आता हयात नाहीत, त्यांच्या नावापुढे आम्ही "पोचली" असं लिहिलं आणि पान बंद केलं. यावर तुम्हाला हिशोब मागायचा असेल तर वही हॉलवर आहे, कधीही या, मी स्वतः दाखवीन.

त्या वहीचा अजून एक उपयोग झाला जो आम्हाला सुचलाही नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने राज्यातल्या ५६,००० कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये द्यायचं ठरवलं. दीड वर्षाने, पण ठरवलं. आता आमच्याकडच्या माणसाने कलावंत असल्याचा पुरावा कुठून आणायचा? ज्याचं अख्खं आयुष्य देवळाच्या सभामंडपात गेलं त्याच्याकडे ना नेमणुकीचं पत्र, ना पगाराची स्लिप. मग आमच्या जुन्या बुकिंगच्या वह्या काढल्या, कुठल्या साली कुठल्या कंपनीची नाईट, कोण कोण आलं होतं, त्यावरनं पत्रं लिहून दिली. तुम्ही विचारलंत ना, बंद हॉल काय करतो? बंद हॉलला कोण कुठे राहतं ते माहिती असतं. कोणाकडे मोटरसायकल नाही, कोणाच्या घरी आई अंथरुणाला खिळलीय, कोण मागणार नाही म्हणून आपणच जायला हवं. किट कुठलंही मंडळ वाटू शकतं, बरोबर आहे तुमचं, पण ही माहिती वर्षानुवर्षं रात्रीचा चहा एकत्र पिऊन जमते.

(आणि केंद्र म्हणजे एसीचा हॉलच हवा असंही नाही हां. पिंगुळीला परशुराम गंगावणेंनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीचं (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेचं) म्युझियम गोठ्यात उभं केलं, २०२१ ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या बातमीने आमच्याकडे जो हुरूप आला होता तो अजून आठवतो.)

मोबाईलवरचा दशावतार. इथे तुमचं निम्मं मान्य. संवाद लिहिलेले नसतात, मालक आख्यान सांगतो, कोणी कुठे एन्ट्री घ्यायची ते सांगतो आणि बाकी सगळं उभ्या उभ्या बोलायचं, ते बोलणं समोरच्या माणसांच्या हसण्यावर, हुंकारावर चालतं. समोर मोबाईलचा स्टँड असेल तर काय होणार. पहिल्या रेकॉर्डिंगला शंकासुराने, म्हणजे दशावतारातल्या विनोदी राक्षसाने, मास्कवर एक फर्मास वाक्य टाकलं आणि हॉलमध्ये शांतता, आम्ही पाचजण होतो आणि आवाज जाईल म्हणून तोंड दाबून बसलेलो. तो थबकला. मग वळला आणि पुढचं सगळं पेटीवाल्याशीच बोलत सुटला, पेटीवाला हसायला लागला, आणि तिथून ते नाटक चालू झालं. ती क्लिप तुमच्या मुंबईतल्या चाळींत फिरली, माझ्या मावशीला तिथून तीन जणांनी पाठवली. इथे गावात मात्र रेंजच नाही, त्या वर्षी आमच्याच जिल्ह्यात डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाइन शिकणाऱ्या पोरीची बातमी आली होती ना, तशी परिस्थिती. म्हणून मग शंकासुराचे छोटे छोटे ऑडिओ केले, मास्क, ताप आला तर लपवू नका, लस, आणि रिक्षाला भोंगा लावून वाडीवाडीत फिरवले. मालवणीत बोलणारा शंकासुर ऐकायला माणसं पडवीत येत होती. सरकारी घोषणेला कोणी उठत नव्हतं.

हा दशावतार होता का? नाही. मी पण नाही म्हणेन. पहाट झाल्याशिवाय दशावतार होत नाही. पण आठ महिने आवाज न लावलेल्या माणसाला परत पद म्हणायला मिळालं, तेवढ्यासाठी मी ते पुन्हा करीन.

५ नोव्हेंबर २०२० ला निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, एप्रिल २०२१ ला परत बंद, मग तौक्ते वादळ आलं. त्या मे महिन्यात लाईट गेली ती किती दिवस आलीच नाही, आणि हॉलचा जनरेटर होता म्हणून आख्ख्या गावाचे मोबाईल, पेशंटच्या घरच्या मशिनी आमच्या मेकअप रूममध्ये चार्ज होत होत्या. यावेळी मात्र मीटिंग घेतली नाही. चावी बाहेर खिळ्याला लावून ठेवली होती. आठ दिवस घालवण्यातून आम्ही काही शिकलो असू तर एवढंच. २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं परत उघडली तोपर्यंत ती चावी तिथेच होती.

तुम्ही एक गोष्ट मधेच लिहून पुढे गेलात, तिचं उत्तर माझ्याकडे नाही. "कलाकारांना दिलंत, जत्रेतल्या खाजेवाल्यांचं काय?" खरंच काय. खाजं, शेंगदाण्याचे लाडू, फुगेवाले, चहाच्या टपऱ्या, त्यांचाही हंगाम कार्तिक ते वैशाखच. आमच्या वहीत त्यांची नावंच नव्हती, कारण त्यांना आम्ही कधी सुपारी दिली नव्हती, ते आपोआप यायचे. तुमचीही नावं नव्हती, तुम्हीही आपोआप यायचात. एक खाजेवाली बाई दरवर्षी आमच्या गेटशी बसते, तिचं नाव मला परवा तुमची कमेंट वाचल्यावर विचारून घ्यावं लागलं. ती म्हणाली दोन वर्षं काजू बी गोळा केली.

तर आता एक काम सांगते, कराल का? नवीन वही घातलीय. पहिल्या पानावर तिचं नाव लिहिलंय. तुमच्या वाडीतले जे जे त्या ऑगस्टमध्ये शाळेत राहिले होते त्यांची नावं मला पाठवा, मुंबईचा फोन नंबर आणि गावचं घर कुठलं ते पण, इथे कमेंटमध्ये नको, हॉलच्या फोनवर. मे महिन्यात वाडीच्या पूजेला याल तेव्हा चटई टाकायच्या आधी हॉलवर या. चावी खिळ्यालाच आहे.