निमखारं

गोड्या पाण्याच्या टाकीत रोपं वाढवणारी माणसं सुखी असतात. समुद्राच्या पाण्याची टाकी बाळगणारी पैसेवाली असतात. निमखाऱ्या पाण्यात रोपं लावणाऱ्याला काय म्हणायचं, हे आमच्याकडे चहाला येणारा प्रत्येक जण परस्पर ठरवून जातो. "बडोद्यात राहून पाण्यातला प्राणी विकत घेतोस?" रावपुऱ्यातले काका विचारतात. "विश्वामित्री नदीतल्या मगरी पावसाळ्यात घरपोच येतात की!"

विकत घेतलेला नाही हो. भाचा कॅनडाला गेला. जाताना मोटरसायकल मित्राला दिली आणि मासा मामाला. फिगर-एट पफर, म्हणजे डिवचलं की फुग्यासारखा फुगणारा मासा. बोटभर लांब, पोट पांढरं, पाठीवर पिवळ्या रेघांनी काढलेला इंग्रजी आठ आणि चेहऱ्यावर कायमची नापसंती. मूळचा आग्नेय आशियातला, नद्या समुद्राला मिळतात त्या बाजूचा. त्याला पाणी धड गोड नको, धड खारं नको. बडोद्यात पिढ्या काढलेल्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आमच्या आमटीतल्या गुळातून पुण्याचे पाहुणे अजून सावरलेले नाहीत.

टाकीत होतं काय, तर वाळू, दगड आणि प्लास्टिकची एक कवटी. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढासा जीव, आणि स्मशानात ठेवलायस. जरा हिरवं काही लाव."

दुकानदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, प्लास्टिकनुं लई जाव ने! धोवाय पण, ने मरे पण नहीं." या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला हा एकमेव प्रामाणिक सल्ला. पण बायको शेजारी उभी होती आणि तिला खरंच हवं होतं, तेव्हा त्यानं निमूटपणे कॅबोम्बाच्या जुड्या बांधून दिल्या. कॅबोम्बा गोड्या पाण्यात फार सुंदर डोलतो. आमच्या टाकीत तो आठवडाभरात विरघळला आणि उरलासुरला फिल्टरमध्ये जाऊन बसला.

काकडी चोचवून मीठ लावून ठेवली की तिला पाणी सुटतं ना, तेच इथे होतं. बाहेर मीठ जास्त, आत कमी, की पेशीतलं पाणी निघालं बाहेर. निमखाऱ्या टाकीत बहुतेक रोपांची अशी कोशिंबीर होते. जावा फर्न, अनुबियास, वॅलिस्नेरियाच्या काही जाती एवढीच मंडळी तग धरतात, तीसुद्धा घाई केली नाही तर. साध्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५ च्या आसपास असते, आम्ही १.००५ वर थांबायचं, आणि तिथवरही आठवड्याला ०.००१ अशा चालीनं पोचायचं. घरात तिसऱ्या दशांश स्थळाला मान देणारा मी एकटाच आहे.

शिवाय मीठ कुठलंही चालत नाही. जेवणातल्या मिठात सोडियम क्लोराईडखेरीज फारसं काही नसतं; समुद्री टाक्यांसाठीच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट असं सगळं असतं, त्यामुळे पाण्याचा सामू घसरत नाही. म्हणजे देशातलं सर्वाधिक मीठ पिकवणाऱ्या गुजरातेत, जिथे १९३० साली गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ फुकट उचलून दाखवलं, तिथे मी परदेशी मीठ बासमतीच्या वर भाव देऊन आणतो. पावती बायकोच्या हाती लागू देत नाही.

आणि मे महिना! बडोद्याचा पारा बेचाळिसाला टेकला की टाकीतलं पाणी डोळ्यांदेखत उतरतं. पाणी उडतं, मीठ मात्र तिथेच राहतं. म्हणजे टाकीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही तरी ती आपोआप खारट होत जाते. त्यावर उपाय म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं साधं पाणी घालायचं. मीठ घालायचं ते पाणी बदलताना, एरवी चिमूटभरही नाही. हे मी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं आणि सगळ्यांना एकत्रही समजावलं आहे.

जावा फर्नचा आणखी एक हट्ट असतो. त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून ते दगडाला दोऱ्यानं बांधायचं. बांधलं. पानं काळी पडली. मी हाय खाल्ली. मग त्याच काळ्या पानांच्या मागून बारकी बारकी पिल्लं फुटली, मुळांसकट. आईनं दृष्ट काढली, टाकीपासून लांब उभी राहून, कारण हातात मीठ-मोहरी होती.

खरं जोमानं वाढलं ते नीरब्राह्मीचं रोप. आपल्याकडे ओढ्याकाठी, दलदलीत आपसूक उगवणारं हे झाड थोडा खारटपणा सहज सोसतं. पाण्याबाहेर डोकं काढून त्यानं पांढुरकी फुलंही धरली. मी फोटो काढून भाच्याला पाठवले. संध्याकाळी पाहतो तर शेंडे गायब. ब्राह्मी ती हीच की मंडूकपर्णी, हा वैद्यांचा जुना वाद आहे. आईनं तो आपल्यापुरता मिटवून खोबरेल तेल उकळायला ठेवलं होतं.

फुग्याच्या जेवणाबद्दल मी बोलणार नव्हतो, पण बोलतो. पफरचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजायला त्याला शंखाच्या गोगलगाई कुरतडाव्या लागतात. आमची सोसायटी कट्टर शाकाहारी. गच्चीवर मुरंब्याच्या जुन्या बरणीत मी गोगलगाई पोसतो. समोरच्या बेननं एकदा बरणी पाहून विचारलं, "आ शुं छे?" मी म्हटलं, "शंख." त्यांनी हात जोडले. त्यांचा भक्तिभाव मोडायचा मला अधिकार नाही.

कावी-कंबोईला दर्शनाला गेलो होतो. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा दिसू लागतं. ओहोटीच्या चिखलात तिवराचं, म्हणजे खारफुटीच्या झाडाचं, वाहून आलेलं, कोंब फुटलेलं बी सापडलं. ते टाकीत लागलं, अगदी झोकात. तिवर मुळांनी खारं पाणी ओढतो आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. आता पानांवर पांढरी पूड धरते, ती झडून टीव्हीवर पडते आणि टीव्ही पुसता पुसता बायको भाच्याच्या कॅनडातल्या भवितव्याबद्दल बोलते.

नुकतंच पुतणीच्या लग्नाला पुण्याला जावं लागलं. किल्ली समोरच्या बेनकडे दिली. टाकीवर खूण केली आणि गुजरातीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: पाणी खुणेपर्यंत भरणे, फक्त साधं. अक्षता पडत असताना त्यांचा फोन आला.

"भाऊ, काय बी टेन्शन नका घेऊ," त्या त्यांच्या बडोदेकरी मराठीत म्हणाल्या. "पाणी भरलं ने, मग चमच्यानं चाखून पाहिलं. साव मोळुं! म्हणून मूठभर मीठ टाकून दिलं. जरा साखर पण."