प्लॉट पाडणारा मोकळा, घर बांधणारा गुन्हेगार

ज्यानं शेताचे तुकडे पाडून विकले त्याला कोणी विचारत नाही. ज्यानं पोटाला चिमटा काढून त्यातला एक तुकडा घेतला, नोटीस त्याच्या नावानं निघते. नागपुरात हे दोन पिढ्या चालू आहे आणि ज्यांनी थांबवायचं ते सगळे फक्त पैसे वसूल करून राहिले.

आमचं घर मानेवाड्याच्या पलीकडं. वडिलांनी एका गृहनिर्माण संस्थेकडून हप्त्याहप्त्यानं प्लॉट घेतला, तीस बाय पन्नास, पंधराशे फूट. तेव्हा तिथं तुरीचं शेत होतं आणि पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन जावं लागायचं. संस्थेनं नकाशा दाखवला होता. त्यात आखलेले रस्ते, कोपऱ्यात बाग, शाळेसाठी सोडलेली जागा. रजिस्ट्री झाली, सरकारनं मुद्रांक शुल्क घेतलं. घर बांधलं, महापालिकेनं घरटॅक्स लावला. विजेचं मीटर आलं, नळ आला, मतदार यादीत पत्ता चढला. आता वरचा मजला काढायचा म्हणून नकाशा मंजुरीसाठी घेऊन गेलो, तर टेबलामागचा माणूस मान वर न करता विचारतो, "भाऊ, आरएल आहे का तुमच्याजवळ? हा ले-आउट मंजूरच नाही."

बाहेरच्या लोकांना आरएल कळणार नाही. आरएल म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर, नियमितीकरणाचं पत्र. नागपुरात प्लॉट पाहायला गेलं की भावाच्याही आधी लोक आरएलचं विचारतात. आरएल नसेल तर बँक दारात उभं करत नाही, नकाशा मंजूर होत नाही आणि विकायला काढलं तर घेणारा भाव पाडून मागतो. आयुष्यभराची कमाई ओतलेल्या घराची किंमत त्या एका कागदावर लटकलेली असते, आणि तो कागद मिळवण्याची सगळी जबाबदारी कोणाची? घेणाऱ्याची. विकणारा त्या चित्रात कुठंच नाही.

आणि कोणी असं सांगू नये की तेव्हा कायदेच नव्हते. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. २०२३ साली हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे केलं. आमचा पंधराशे फुटांचा प्लॉट दीड गुंठासुद्धा भरत नाही. जमीन महसूल संहिता १९६६ ची, प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. आधी जमीन अकृषिक करा, अभिन्यास म्हणजे ले-आउट मंजूर करून घ्या, रस्ते आणि मोकळी जागा सोडा, मग प्लॉट विका, हा क्रम आमच्या वडिलांनी प्लॉट घेतला त्याच्या कितीतरी आधीपासून लिहिलेला आहे. तरी एकेका मौज्यात शेतं चिरली गेली. हुडकेश्वर, नरसाळा, दिघोरी, वाठोडा, नारा, नारी, कोणत्याही दिशेला जा. पटवाऱ्याला दिसत नव्हतं? तहसीलमध्ये कळत नव्हतं? चुन्याच्या रेषा मारून, झेंडे लावून, वर्तमानपत्रात जाहिराती देऊन प्लॉट विकले जात होते!

मग दस्त नोंदवले कसे गेले? विचारा. नोंदणी कार्यालयाचं उत्तर ठरलेलं आहे. आमचं काम दस्त नोंदवणं, मालकी किंवा मंजुरी तपासणं नाही. मग जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढलं की मंजूर अभिन्यासाशिवाय तुकड्याचा दस्त नोंदवायचा नाही. लोकांचे ठरलेले व्यवहार अडकले. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री बावनकुळे यांनी विधानसभेत शहरी भागातल्या एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांसाठी तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली. ते आमच्याच जिल्ह्यातले, कामठीचे, त्यांना इथलं दुखणं माहीत आहे, आणि या निर्णयाचं मी मनापासून स्वागत करतो. पण त्यानं दस्ताची अडचण सुटेल. जो रस्ता कधी केलाच नाही आणि जी बाग विकून टाकली, ती कुठून येणार?

त्या बागेबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आजच्या राज्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आउट टाकला तर १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आधीच्या नियमांतही मोकळी जागा होतीच. आमच्या नकाशात ती होती, वडिलांनी प्लॉट घेताना त्या बागेच्या जवळचा म्हणून चार पैसे जास्त मोजले होते. काही वर्षांनी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी त्याच बागेवर रेषा ओढल्या आणि तिथंही प्लॉट पाडले. ते घेणारे लोक कोण? मिलमध्ये आयुष्य गेलेले, शिक्षक, एसटीतले, भाजीचा ठेला लावणारे. त्यांनाही तसाच नकाशा दाखवला, फक्त त्यात बाग नव्हती. त्यांचीही रजिस्ट्री झाली, त्यांच्याकडूनही घरटॅक्स घेतला. आज त्यांना काय सांगतात? "तुमचं घर ओपन स्पेसमध्ये पडून राहिलं, तुम्हाला आरएल भेटतच नाही."

आमच्या गल्लीतल्या एक काकू आहेत. काका गेले, मुलगा पुण्याला. त्यांना घर विकून मुलाकडं जायचं आहे. घेणारा कोणी मिळत नाही, मिळाला तर निम्म्या भावात मागतो. कोणत्या गुन्ह्याची ही शिक्षा? आणि ज्यानं ती जागा दोनदा विकली, एकदा आम्हाला बाग म्हणून आणि एकदा त्यांना प्लॉट म्हणून, त्याच्यावर काय कारवाई झाली? संस्था अवसायनात गेली, सचिव वारले, दप्तर सापडत नाही. एवढं सांगून फाइल बंद. उलट सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव, कारण संस्थेनं फेरफार करूनच घेतला नाही. आता त्या शेतकऱ्याचे नातू वकील घेऊन येतात आणि उरलेली जमीन आमची म्हणतात. आम्ही नोटिसा घ्यायच्या, आम्ही वकील करायचे, आम्ही तारखांना उभं राहायचं. काहून? आम्ही काय लुटलं कोणाचं?

गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडून विकलेल्या प्लॉटांचा, कायदा आला २००१ मध्ये. १ जानेवारी २००१ च्या आधीची गुंठेवारी नियमित होईल म्हणाले. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. लोकांना दिलासा मिळाला हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण त्यातला पैसा कोण भरतो ते बघा. प्रशमन शुल्क, म्हणजे नियमभंग मिटवायचा दंड, प्लॉटधारकानं भरायचं, विकास शुल्क प्लॉटधारकानं भरायचं. ज्या रस्त्याचे, गटाराचे, पाण्याच्या लाइनचे पैसे विकणाऱ्यानं प्लॉटच्या भावात आधीच घेतले होते, तेच पैसे आता आम्ही दुसऱ्यांदा भरायचे. आणि भरूनही रस्ता नाही! आमच्या शेजारच्या ले-आउटमधल्या लोकांनी डिमांड, म्हणजे मागितलेलं शुल्क, भरल्याला कितीतरी वर्षं झाली, अजून मुरूम टाकलेलाच रस्ता आहे. पाऊस आला की घराघरात पाणी, कारण ज्या उतारानं नाला वाहायचा तिथंही प्लॉट पाडले. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं तेव्हा मंत्र्यांचे दौरे तिकडं झाले. आमच्याकडं दर पावसाळ्यात जे होतं ते बघायला कोणी येत नाही.

कोणत्या कार्यालयात जायचं, हा वेगळाच ताप. नागपूर सुधार प्रन्यास ही शहर विकासाची संस्था १९३६ च्या कायद्यानं झालेली, महापालिका वेगळी, २०१७ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं. एकाच शहराच्या प्लॉटचे इतके मालक. बिनमंजुरीच्या ले-आउटांच्या याद्यांची ५७२ ले-आउट आणि १९०० ले-आउट ही नावं नागपूरकरांच्या तोंडात बसली आहेत. नुसत्या आकड्यांवरून कळतं की हे एखाद्या लबाड माणसाचं काम नव्हतं, अख्ख्या शहराची वाढच अशी होऊ दिली. आमचा कागद एका टेबलावरून निघाला की पुढचं टेबल म्हणतं हद्द आमची नाही. मग हद्दीचा दाखला आणा, मोजणी आणा, संस्थेचं ना-हरकत पत्र आणा. जी संस्था अस्तित्वातच नाही तिचं पत्र कुठून आणायचं, हे कोणी सांगत नाही. मला आणि धाकट्या भावाला प्लॉटची रीतसर वाटणी करायची आहे, घरात भांडण नाही, दोघांची सही तयार आहे. पोटहिस्स्याची मोजणी मूळ मंजुरीशिवाय पुढं सरकत नाही.

बरं, प्लॉटच्या भानगडीत पडू नका, फ्लॅट घ्या, असं सांगणारे भेटतात. माझ्या मावशीनं तेच केलं. दोन प्लॉट जोडून बांधलेली तीन मजल्यांची स्कीम, आठ फ्लॅट. रेरात, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणात, नोंद नाही, कारण जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्तीच नाही. ५०० मीटर म्हणजे जवळपास ५,४०० फूट. नागपूरच्या गल्लीबोळांतल्या कितीतरी स्कीम एवढ्याच जागेत उभ्या राहतात! म्हणजे ज्या गरीब आणि मध्यमवर्गी माणसाला संरक्षण हवं त्यालाच या कायद्यानं बाहेर ठेवलं.

अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० चा आहे. बिल्डरनं घोषणापत्र नोंदवायचं, प्रत्येक फ्लॅटचा जमिनीतला आणि सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहायचा, मग प्रत्येकाला अपार्टमेंट डीड करून द्यायचं. मावशीच्या बिल्डरनं फक्त करारनामा करून पैसे घेतले. घोषणापत्र नाही, डीड नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, कारण गच्चीवर त्यानं मंजूर नसलेल्या दोन खोल्या काढल्या. खालचं पार्किंग वेगळे पैसे घेऊन विकलं. पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगितलं आहे, पण ते मावशीनं कोणाला जाऊन सांगायचं? मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरनं करून दिलं नाही तरी जमीन-इमारत फ्लॅटवाल्यांच्या नावावर करून घेण्याची, सोय २००८ च्या दुरुस्तीनं झाली, चांगली सोय आहे. पण त्यासाठीचे मूळ कागद बिल्डरच्या कपाटात आणि बिल्डर फोन उचलत नाही. गच्चीवरच्या खोल्यांची नोटीस आली ती फ्लॅटवाल्यांना. पाडायचा खर्चही त्यांनीच करायचा म्हणे.

मला दयामाया नको आहे. मंजूर अभिन्यासाचा क्रमांक टाकल्याशिवाय प्लॉटचा दस्त संगणकात पुढं जाऊ नये, आणि घोषणापत्राचा दस्त क्रमांक टाकल्याशिवाय फ्लॅटचा जाऊ नये. लहान स्कीमना रेरातून दिलेली सूट काढा. गुंठेवारीचं शुल्क आधी ज्यानं प्लॉट पाडले त्याच्या आणि त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या मालमत्तेवर बोजा चढवून वसूल करा, तिथं काहीच हाती लागलं नाही तर मग आमच्याकडं या. ओपन स्पेसवरच्या घरांत आज जे राहतात त्यांना रस्त्यावर न आणता तोडगा काढा.

माझ्या नावानं डिमांड नोट आली आहे. घर वाचवायचं म्हणून ती मी भरणार. पण त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणार आहे. आमच्या ले-आउटमधली बागेची जागा कोणत्या तारखेच्या, कोणत्या क्रमांकाच्या दस्तांनी विकली गेली, लिहून देणारे कोण होते, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्यापैकी एकालाही नोटीस गेली का, गेली असेल तर तिची प्रत द्या.