सोलापूरच्या स्टुडिओसाठी कॅमेरा घेताय? आधी एनडी बघा, ‘के’ नंतर मोजा

लग्नसराई जवळ आली की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो. सर, सोनी एफएक्स६ घेऊ, कॅनन सी७० घेऊ, ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के प्रो घेऊ, की थोडं ताणून रेड कोमोडो? प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मत माझं आहे, पण ठाम आहे: ज्या कॅमेऱ्याच्या आत एनडी फिल्टर (रंग न बदलता प्रकाश कमी करणारी गडद काच) नाही, तो सोलापुरातल्या छोट्या स्टुडिओने मुख्य कॅमेरा म्हणून घेऊ नये. सेन्सर कितीही भारी असो, ४के-६के असं रिझोल्यूशन कितीही असो.

कारण आपलं ऊन. हिशोब करून बघा. लॉगमध्ये (रंग नंतर बसवता यावेत म्हणून फिकट ठेवलेलं चित्र) शूट करताना आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, ८०० धरला, २५ फ्रेम्सला शटर १/५० ठेवलं, तर भर उन्हात बरोबर एक्स्पोजर येतं एफ/६४ ला. एवढं बारीक छिद्र आपल्या कुठल्याच लेन्सला नसतं. एफ/२.८ वर यायचं तर नऊ स्टॉप प्रकाश कापावा लागतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). बाहेरून स्क्रू करायचे फिल्टर चालतात, नाही असं नाही. पण प्रत्येक लेन्सचा व्यास वेगळा, स्वस्त व्हेरिएबल फिल्टरने रंग सरकतो, वाइड लेन्सवर आकाशात काळा फुली-पट्टा येतो, आणि फिल्टर बदलेपर्यंत वरात पुढे गेलेली असते.

आता कोणात काय आहे ते. एफएक्स६ मध्ये दोन ते सात स्टॉपपर्यंत सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक एनडी आहे. पॉकेट ६के प्रोमध्ये दोन, चार, सहा अशा पायऱ्या. सी७० मध्येही दोन, चार, सहा, आणि दोन काचा एकावर एक आणून आठ आणि दहा. कोमोडोत एनडी नाहीच. म्हणजे नुसत्या कागदावर बघितलं तर उघड्या माळावर, नान्नजच्या गवताळ रानात दिवसभर काम करणाऱ्याला मी डोळे झाकून सी७० सांगेन. तिथे एफ/२.८ मिळवून देणारा यातला तोच. एफएक्स६ सात स्टॉप कापून एफ/५.६ वर थांबतो. पॉकेटचा खालचा बेस आयएसओ (ज्याला सेन्सर सगळ्यात स्वच्छ चित्र देतो तो आकडा) ४०० आहे, म्हणजे एक स्टॉप कमी, म्हणून सहाच स्टॉप असूनही तोही एफ/५.६ लाच पोचतो.

तरी आम्ही एफएक्स६ घेतला. का, ते सांगतो.

आमचं निम्मं काम कापडाचं. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांचे व्हिडिओ, चादर आणि टॉवेलच्या जाहिराती, निर्यातदारांना परदेशी ग्राहकाला दाखवायच्या फिल्म. कारखान्याच्या शेडमध्ये ट्यूबलाइटचा अंधुक उजेड, हवेत कापसाची तूस, आणि दारातून आत येणारा पांढराफटक प्रकाश. मालकाला हमखास एक शॉट हवा असतो: मागापासून सुरुवात, कामगाराच्या हातावरून कॅमेरा पुढे, चादरींचे गठ्ठे, आणि मग एकाच टेकमध्ये बाहेर टेम्पोपर्यंत. या शॉटमध्ये दारातून बाहेर पडताना लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर फिरवलं तर फोकसची खोली बदलते, आयएसओ बदलला तर इमेज उडी मारते. एफएक्स६ चा एनडी ऑटोवर टाकला की काच हळूहळू गडद होत जाते आणि बघणाऱ्याला काही कळतही नाही. पायऱ्यांच्या एनडीत हे होत नाही, मध्येच टक् करून काच बदलताना दिसते. माझ्या दृष्टीने निर्णय इथेच झाला.

दुसरं कारण रात्र. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, त्याआधी गर्दीतले चेहरे, पाळण्यांचे दिवे. एफएक्स६ चे लॉगमधले दोन बेस आयएसओ ८०० आणि १२,८००. हा वरचा आकडा खरोखर वापरता येतो. पॉकेटचा वरचा बेस ३२०० आहे. सी७० चा डीजीओ (एकच दृश्य दोन पातळ्यांवर वाचून जोडणारा) सेन्सर सावल्या फार स्वच्छ देतो, त्याबद्दल आदर आहे, पण अंधारात मला सोनीच हवा. दुपारी यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले हजारो भक्त आणि रात्री हे. दोन्ही टोकं एकाच कॅमेऱ्याने धरायची असतात.

कापडाचं काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे मोआरे. चादरीच्या विणीची जाळी आणि सेन्सरच्या पिक्सेलची जाळी एकमेकांवर आली की मध्येच इंद्रधनुषी लाटा उठतात. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यावर दिसतं ना, तसंच. ते आवरायला सेन्सरपुढे ओएलपीएफ नावाची काच बसवतात. पॉकेट ६के प्रोमध्ये ती नाही. ब्लॅकमॅजिकने २०२३ च्या फुल फ्रेम सिनेमा कॅमेरा ६के मध्ये ती दिली. तेव्हा भाड्याने आणून चाचणी घेताना झाडाझुडपांचे शॉट घेऊ नका. आपली चादर न्या, बारीक विणीचा टॉवेल न्या. हळूहळू मागे सरकत रेकॉर्ड करा आणि मोठ्या मॉनिटरवर बघा. कुठल्या अंतरावर लाटा येतात ते लगेच समजतं.

पॉकेटला मी नावं ठेवत नाही. बाजारात आला तेव्हा तो २,४९५ डॉलरचा होता, एफएक्स६ ५,९९८ चा. इतक्या कमी पैशांत ब्लॅकमॅजिक रॉ (सेन्सरची जवळपास कच्ची माहिती साठवणारं रेकॉर्डिंग) आणि सोबत दा विंची रिझॉल्व्ह स्टुडिओ हे एडिटिंग आणि रंगकामाचं सॉफ्टवेअर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. शॉर्टफिल्म करणाऱ्या, एकेक शॉट लावून घेणाऱ्या पोरांनी जरूर घ्यावा. पण त्यात चालत्या माणसाच्या मागे राहणारा ऑटोफोकस नाही, बटण दाबलं की एकदा फोकस होतो तेवढाच. लग्नात एकट्याने कॅमेरा धरणाऱ्याला हे जड जातं. शिवाय डेटा. ६के रॉ, ८:१ कॉम्प्रेशनवर, २५ फ्रेम्सला तासाला साधारण ३६० जीबी. एफएक्स६ चं ४के इंट्रा रेकॉर्डिंग सेकंदाला २५० मेगाबिटने तासाला ११२ जीबीच्या आसपास. दिवसभराचं लग्न, दोन बॅकअप. हार्डडिस्कचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत धरा, मग तुलना करा.

कोमोडोचं आकर्षण मला कळतं. ग्लोबल शटर, म्हणजे सगळी फ्रेम एकाच क्षणी टिपली जाते. मागाचा धोटा सपकन जातो तेव्हा तो वाकडा दिसत नाही, आणि लग्नात फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की अर्धी फ्रेम पांढरी, अर्धी काळी असला प्रकार होत नाही. ज्या कामाला ते हवंच, त्या कामापुरता पुण्याहून भाड्याने आणावा. अॅरी अलेक्सा ३५ चंही तेच. सतरा स्टॉपची डायनॅमिक रेंज (उजेड-सावलीचा एकत्र टिपता येणारा पल्ला) बघून जीव हरखतो, पण तो छोट्या स्टुडिओने विकत घ्यायचा कॅमेरा नव्हे.

‘नेटफ्लिक्सच्या मान्य कॅमेऱ्यांच्या यादीत आहे का?’ असं विचारणाऱ्यांसाठी: एफएक्स६, सोनीचाच छोटा एफएक्स३, सी७०, कोमोडो आहेत, पॉकेट नाही. टॉवेलच्या कारखानदाराला याने काडीचा फरक पडत नाही.

आवाजाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. एफएक्स६ ला पूर्ण आकाराचे दोन एक्सएलआर (व्यावसायिक माइकचे सॉकेट) आहेत, सी७० आणि पॉकेटला मिनी एक्सएलआर, त्यामुळे वेगळ्या केबल जवळ हव्यात. एफएक्स३ चे एक्सएलआर वरच्या हँडलवर, हँडल काढलं की गेले. आणि एफएक्स३ ला आत एनडी नाही, म्हणून वरच्या नियमाने तो माझ्याकडे दुसरा कॅमेराच राहील.

शेवटचं, उन्हाळ्याचं. या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात काम करण्याचं तापमान ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. आपला मे महिना त्याच्या वर जातो. छत्री धरायला एक माणूस ठेवा, दोन टेकच्या मध्ये कॅमेरा सावलीत घ्या, आणि बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका. कॅमेऱ्यात वाचलेले पैसे लेन्स, दिवे आणि एका चांगल्या ट्रायपॉडला द्या. कोणाला स्वतःचं कापड आणून एफएक्स६ वर बघायचं असेल तर मेसेज करा, स्टुडिओत या. फक्त जानेवारीत गड्ड्याच्या आठवड्यात नको, तेव्हा कॅमेरा आणि आम्ही दोघंही होम मैदानावर असतो.