डेटाबेसचा कायमचा पत्ता

कालच्या मेलचा विषय होता, ‘आपल्या ताब्यातील अघोषित डेटाबेसबाबत खुलासा करणे’. अघोषित! ताब्यातील! जणू मी तो गादीखाली दडवून ठेवला होता.

प्रकरण खरं तर एवढंसं आहे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्टच्या टेस्ट चालवताना आम्ही खऱ्या डेटाबेसला हात लावत नाही. एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेस-प्रणालीला फाइलच्या नावाच्या जागी कोलन, मेमरी, कोलन (:memory:) एवढं सांगायचं, की रॅममध्ये एक कोरा डेटाबेस उभा राहतो. टेबल बनवा, चार रांगा भरा, तपासा, कनेक्शन बंद करा. कनेक्शन गेलं की डेटाबेसही गेला. वेगळं काही बसवावं लागत नाही, कारण २००६ साली आलेल्या पायथॉन २.५ पासून एसक्यूलाइटशी बोलणारा ड्रायव्हर भाषेबरोबरच येतो. पाण्यावर ओढलेली रेघ म्हणावी इतकंच त्याचं आयुष्य.

या रेघेची नोंद करायला एक गृहस्थ आले. माहिती-सुरक्षा विभागाचे. अतिशय नम्र. इतके नम्र, की दर वाक्याला ‘सर’ लावून माणसाला घाम फोडतात. त्यांच्याकडे फॉर्म होता.

“सर, डेटाबेस कुठल्या सर्व्हरवर आहे?”

“सर्व्हरवर नाही. टेस्ट चालते तेवढ्यापुरता मेमरीत असतो.”

“आत्ता आहे का सर?”

“आत्ता नाही.”

“मग केव्हा येऊ?”

मी म्हटलं, येऊन उपयोग नाही, तुम्ही खुर्चीत बसेपर्यंत तो संपलेला असेल. त्यांनी ‘उपलब्धता’ या रकान्यात ‘अनियमित’ असं लिहिलं.

“बॅकअप किती वाजता होतो सर?”

“होत नाही. व्हायचं कारणच नाही.”

हे त्यांना लागलं. पेन खाली ठेवून ते माझ्याकडे असं बघू लागले, जणू मी लेकराला उन्हात सोडून आलोय. “सर, बॅकअप नसलेला डेटाबेस धोरणात बसत नाही.” मी सांगितलं, की त्यातला डेटा आम्हीच भरतो, दर वेळी तोच भरतो, तो स्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे. “म्हणजे स्क्रिप्ट हा बॅकअप आहे?” मला जरा बरं वाटलं, हो म्हणालो. “आणि स्क्रिप्ट कोण बदलू शकतं?” टीममधले सगळे. “म्हणजे बॅकअप कोणीही बदलू शकतं.” हेही लिहिलं गेलं.

मग त्यांनी खरा पेच टाकला. “मेमरी भरली तर सर?” मी प्रामाणिकपणे सांगितलं, की ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीतली काही पानं, म्हणजे तुकडे, स्वॅप नावाच्या जादा जागेत टाकू शकते. “स्वॅप कुठे असतो?” डिस्कवर. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी पगारवाढीच्या दिवशीही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. खरी गोष्ट अशी, की तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

आडवाटेचं एक सांगतो. या ‘मेमरी’ प्रकाराचा मला स्वतःलाही जाच कमी झालेला नाही. याच नावाने दुसरं कनेक्शन उघडलं, तर पहिल्याचा डेटाबेस मिळत नाही. दुसरा मिळतो, कोरा. आत्ता डोळ्यांदेखत बनवलेल्या टेबलाबद्दल ‘असं टेबलच नाही’ असं उत्तर येतं. एकच डेटाबेस दोघांत वाटायचा तर यूआरआयच्या, म्हणजे वेब-पत्त्यासारख्या, रूपात नाव देऊन त्यात शेअर्ड कॅश, म्हणजे सामायिक मेमरी, मागावी लागते, आणि शेवटचं कनेक्शन सुटलं की तोही जातो. शिवाय एसक्यूलाइट स्वभावाने इतका सोशिक, की पूर्णांकाच्या रकान्यात ‘उद्या बघू’ असं लिहिलं तरी मुकाट ठेवून घेतो. २०२१ साली ३.३७ आवृत्तीत कडक टेबलांची सोय आली खरी, पण ती मागितली तरच. टेस्ट इथे हिरव्या, म्हणजे पास, होतात आणि खऱ्या डेटाबेसवर तोच कोड तोंडावर आपटतो. असो. या तक्रारीला फॉर्मात रकाना नव्हता.

तर ‘डिस्कवर काहीही साठवत नाही’ असं मी लेखी दिलं. आठवडाभरात त्यांच्या स्कॅनरला टेस्ट सर्व्हरवर एक फाइल सापडली. नाव: कोलन, मेमरी. शेवटचा कोलन गायब.

आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने तो खाल्ला होता. लिनक्सला फाइलच्या नावात कोलन चालतो आणि एसक्यूलाइटला हे नाव म्हणजे नेहमीसारखी फाइल. एसक्यूलाइटने ती निमूट बनवली. दुसऱ्या वेळी टेस्ट चालवताच ‘टेबल आधीच आहे’ अशी चूक आली असणार. इथे माणसाने थांबून विचार करावा, की मेमरीतलं टेबल आधीच कसं असेल? आमच्या या सहकारीसाहेबांनी ‘नसेल तरच बनव’ असं लिहून विषय मिटवला. मग रांगा मोजणारी टेस्ट पडली, कारण तीनच्या सहा झाल्या होत्या. तर ‘बरोबर तीन’च्या जागी ‘किमान तीन’! बदलाची नोंद काय, तर ‘टेस्ट दुरुस्त केली’. याला दुरुस्ती म्हणतात, आणि महिन्याच्या बैठकीत टेस्ट लवकर हिरव्या केल्याबद्दल त्याचं कौतुकही झालं. टाळ्या मीही वाजवल्या.

सापडेपर्यंत ती फाइल महिनोन्महिने फुगत राहिली होती. गृहस्थ पुन्हा आले, या वेळी लॅपटॉप घेऊन.

“सर, यात हजारो ग्राहक आहेत.”

“ते खोटे आहेत. सगळ्यांची नावं बघा, अबक.”

“एकाच नावाचे ग्राहक असू शकतात सर.” मग आवाज खाली आणून, “पण सगळ्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९७० कशी?”

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा काळ तिथून मोजायला सुरुवात होते, हे मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “या लोकांची संमती घेतली होती का सर?”

मी फाइल तिथल्या तिथे उडवायला निघालो, तर त्यांनी हात आडवा केला. चौकशी पूर्ण होईपर्यंत ती पुरावा आहे. मालमत्तेच्या नोंदवहीत ती आता माझ्या नावावर आहे. कोलन खाणाऱ्याच्या नाही, कारण लेखी मी दिलं होतं. आणि पुराव्याला धोरण लागू आहे. आमच्या खऱ्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप आठवड्यातून एकदा होतो. अबकमंडळींचा रोज रात्री होतो, आणि तो नीट झाल्याचा मेल सकाळी मला येतो.