"डबा नेऊ नका" म्हणणारा तो मेसेज पथ्य असलेल्यांनी मनावर घेऊ नका

सुट्टीचे दिवस आले की तो मेसेज परत फिरायला लागतो, या आठवड्यात तर मला तीन नातेवाईकांनी पाठवला. त्यात म्हटलंय की परदेशी जाताना घरचे डबे बांधून नेऊ नका, सिक्युरिटीत सगळं फेकून देतात, पथ्याचं जेवण एअरलाईनला सांगितलं की मिळतंच, आपले कोकणातले पदार्थ वाटेतच आंबतात आणि वर तिकडे उतरल्यावर दंड भरावा लागतो. माझ्या मुलीला सिलियाक आहे, म्हणजे गहू-सातूतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते. गहू, मैदा, रवा, सातू, काही म्हणजे काही चालत नाही, आणि यावर औषध नाही, जन्मभर पथ्य हाच उपाय. म्हणून एकेका मुद्द्यावर लिहितेय.

सिक्युरिटीत सगळं फेकतात हे चूक आहे. अडवतात ते पातळ पदार्थ. २००६ साली लंडनहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही, आणि दही, ओली चटणी, तेलात बुडालेलं लोणचं हेही त्यातच धरतात. आमची सोलकढीची बाटली गेली ती यामुळेच, चूक माझीच होती. पण घावणे, लाडू, चिवडा यांना कुणी हात लावला नाही, फक्त एकदा डबा उघडून दाखवायला सांगितला. एक मात्र कोकणातल्या माणसांनी नीट लक्षात ठेवा, सुकं खोबरं नेऊ नका. त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, बहुतेक एअरलाईन्सच्या मनाई यादीत आहे. आई हौसेने वाट्या बांधून देते आणि त्या काढून ठेवाव्या लागतात, म्हणून मी चिवड्यातसुद्धा काप घालत नाही.

आता "एअरलाईनला सांगितलं की मिळतंच". याच वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्पेशल मील असतं, खरंय, ग्लुटेन नसलेल्याला जीएफएमएल, डायबेटिसवाल्यांना डीबीएमएल असे कोड असतात, साधारण २४ ते ४८ तास आधी सांगावं लागतं आणि सांगाच. पण स्वस्तातल्या बऱ्याच एअरलाईन्सकडे ही सोय नसते, मधे फ्लाईट बदलली तर मागणी पुढे जाईलच असं नाही, आणि कणभरही गहू लागला नसेल अशी हमी कोणी देत नाही. परतीच्या प्रवासात आमच्याच बाबतीत झालं, दोनदा फोन करून कन्फर्म केलेलं जेवण विमानात चढलंच नव्हतं. ट्रेमध्ये भात होता पण त्याला टेकून पाव ठेवलेला, आणि विमानातली एअरहोस्टेस अगदी मनापासून म्हणाली की पाव बाजूला काढा ना. पाव बाजूला काढला तरी चुरा भातावर राहतोच, आणि सिलियाकमध्ये तेवढाही पुरतो. आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची ग्लुटेन फ्रीची मर्यादाच किलोला २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे किती कमी ते बघा. लेक तेव्हा नऊ वर्षांची, तिने ट्रे तसाच परत दिला आणि माझ्याकडे बघितलं, मी पर्समधून नाचणीचा लाडू काढला. तो नसता तर लंडन ते मुंबई नऊ तास पोर उपाशी बसली असती, हे मला अजून आठवतं.

आणि नऊ तास फक्त विमानातले हो. आम्ही राजापूरचे. राजापूर रोडहून मुंबईपर्यंत गाडीत सात-आठ तास, एअरपोर्टवर तीन-चार तास आधी, म्हणजे घरातून निघून तिकडे पोचेपर्यंत दिवस जातो. नुसता विमानाचा विचार करून चालत नाही.

पदार्थ आंबतात म्हणे. ओलं खोबरं घातलेलं काहीही आंबेल, आपल्या दमट हवेत तर लगेच, आणि शिजवलेला भात डब्यात तासन्‌तास ठेवणं धोक्याचंच, तो नेऊच नका. पण घावणे नुसते तांदळाचं पीठ, पाणी, मीठ. मी ते पोळीच्या तव्यावर कधीच घालत नाही, बिडाचा वेगळा तवा ठेवलाय. तव्यावरून काढले की एकावर एक रचायचे नाहीत, केळीच्या पानावर सुटे पसरून पूर्ण गार करायचे मग घडी, गरम रचले की घाम धरतो आणि चिकट होऊन लवकर वास मारतात. हे मुंबईपर्यंतच, गाडीत संपवायचे. विमानासाठी नाचणीचे लाडू, भाजक्या पोह्यांचा चिवडा, काजू, आंबापोळी, तळलेले गरे. गरे घरीच तळलेले, कारण दुकानात त्याच कढईत शंकरपाळे तळलेले असतात.

पण घरचं म्हणजे आपोआप पथ्याचं असं नाही, आणि हे त्या मेसेजवाल्यालाही सुचलेलं नाही. बांधणी हिंगात बरेचदा मैदा असतो. मेतकुटात गहू असतो. थालिपीठाच्या भाजणीतही. आणि गिरणी! आधी कुणाचा गहू दळला असेल त्याच जात्यातून आपली नाचणी येते. आम्ही म्हणून तांदूळ नि नाचणी धुऊन उन्हात वाळवून घरघंटीवरच दळतो.

दंडाचं अर्धं खरं आहे. ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खरवस, पनीर घरीच ठेवा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड फार कडक, न्यूझीलंडला न सांगता नेलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. पण दंड लपवल्याचा आहे. तिकडे उतरताना भरायच्या फॉर्मवर खाण्याचं आहे असं लिहून दाखवलं तर फार तर ते काढून घेतात. शक्यतो उतरायच्या आधी खाऊन संपवा.

डॉक्टरांचं पत्र बरोबर ठेवा, इंग्रजीत, कारण औषधं आणि पथ्याचं पातळ अन्न यांना बऱ्याच देशांत १०० मिलीतून सूट असते. आम्ही जूनमध्ये पुन्हा प्रवासाला निघतोय, पत्रात काय काय लिहून घेतलं ते कुणाला हवं असेल तर विचारा.