'एक पुणेकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: उजनी, मैलापाणी आणि माझं 'रडगाणं'

उजनी धरणाचं, म्हणजे आम्हा सोलापूरकरांच्या पिण्याचं पाणी पुण्याच्या मैलापाण्याने हिरवं होतं, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली 'एक पुणेकर' अशी सही करून कुणीतरी भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. सोलापूरकरांचं हे नेहमीचं रडगाणं आहे. वाहती नदी स्वतःला स्वच्छ करते आणि पुण्यापासून उजनी शंभरावर किलोमीटर लांब आहे. ऊस आणि साखर कारखान्यांबद्दल मी सोयीस्कर गप्प आहे. पुण्याच्या धरणांतून पाणी सुटलं नाही तर उजनी भरणार कशी? आणि शेवटी, 'लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा, ही नम्र विनंती.'

विनंती पोचली. एवढी नम्रता अंगी आहे, तर खाली स्वतःचं नाव घालायला काय हरकत होती, एवढंच मनात आलं. असो.

अभ्यासाचं म्हणाल तर माझं आजोळ उजनीत बुडालेलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि गाड्या भरभरून लोक फोटो काढायला जातात. माझी आई तिथे उभी राहून आपलं शिवार कुठल्या अंगाला होतं ते दाखवते. धरणासाठी गाव सोडलेल्या घरातला माणूस त्याच धरणाच्या पाण्याबद्दल बोलला की ते रडगाणं, आणि तुम्ही बोललात की तो मुद्दा. छान.

एक गोष्ट मान्य करतो, कारण मान्य करण्यासारखी आहे. लेखातला फोटो मे महिन्यातला होता. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, तसं हिरवं दिसत नाही. तसं फोटोखाली लिहायला हवं होतं, म्हणून आता लिहिलं आहे.

आता त्या 'नदी स्वतःला स्वच्छ करते' या वाक्याकडे वळू. शाळेच्या पुस्तकात हे असतं आणि खोटं नसतं. पण त्यासाठी नदीत नदीचं पाणी लागतं. पाणी खळाळत गेलं की हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो, जिवाणू घाण खातात आणि पाणी निवळतं. खडकवासल्याचे दरवाजे बंद झाल्यावर उन्हाळ्यात मुठेत काय वाहतं, ते पुण्यातल्या लकडी पुलावर उभं राहून बघा. नाक असेल तर बघायचीही गरज नाही. तिथे नदी उरलेलीच नसते, असतं ते गटाराचं पाणी. घाण पातळ करायला तिच्याजवळ पाणीच नाही. पुढे मुळा येते, ती दापोडीला पवनेची भर घेऊनच. मग मुळामुठा भीमेला मिळते, जिच्यावर उजनी आहे, आणि भीमेत तुळापूरला इंद्रायणी आधीच येऊन मिळालेली असते. आळंदीत तिच्यावर फेस तरंगतो, तो आषाढीच्या सुमाराला टीव्हीवर दाखवतात. म्हणजे वाटेत घाण कमी करणारं काही नाही, वाढवणारंच आहे.

आणि समजा, शंभर किलोमीटरमध्ये वास गेला, रंग गेला. नायट्रोजन आणि फॉस्फरस तेवढ्याने जात नाहीत. साध्या मैलाशुद्धीकरण केंद्रातून पाणी गेलं तरी त्यातला बराचसा फॉस्फरस तसाच बाहेर येतो. तो येऊन थांबतो उजनीत, कारण इथे पाणी थांबतं. उथळ, तापलेलं, संथ पाणी आणि भरपूर खत. शेवाळाला आणखी काय हवं? भिगवणच्या बाजूला जाळं टाकणाऱ्या भोई मंडळींना विचारा. जाळ्यात चिलापीच चिलापी. कसल्याही पाण्यात तग धरणारा मासा आहे तो, म्हणून उरला.

यावर समांतर जलवाहिनी, म्हणजे उजनीहून सोलापूरला पाणी आणणारी दुसरी वाहिनी, हा उपाय नाही, असंही मी लेखात म्हटलं होतं. पाणी वाढवा, जरूर वाढवा. आम्हाला चार-पाच दिवसांआड पाणी मिळतं, पिंपं भरून ठेवून दिवस काढतो, आम्हाला नको असेल का? पण शहराला दिलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडतं, असं धरूनच गटारांचे आराखडे होतात. तुम्ही पुण्यात पाणी वाढवाल तसं मैलापाणीही वाढेल. पुण्यासाठी जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून 11 मैलाशुद्धीकरण केंद्रांची, 396 एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमतेची योजना 2016 मध्ये मंजूर झाली. तिच्या प्रगतीचा हिशोब तुम्हीच तुमच्या नगरसेवकाकडे मागा, आमच्याकडे 'अभ्यास' मागण्याआधी.

उजनीची क्षमता 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न येणारं तळाचं पाणी. 2024च्या उन्हाळ्यात धरण वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे मृतसाठ्यालाही हात लागला. दुबार पंपिंग करून, म्हणजे दोन टप्प्यांत पंप लावून, जे उपसलं ते तळाचं पाणी होतं, वर्षानुवर्षं गाळ बसलेल्या तळाचं. ते आम्ही प्यालो. तेव्हा तुम्ही कुठला मिनरल प्लांट लावला होता, साहेब?

ऊस आणि कारखान्यांचं म्हणाल, तर तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, लिहीन कधीतरी. (हो, आमच्याकडेही ऊस आहे. त्याचा इथे संबंध नाही.) आणि पाणी सोडण्याचं: पावसाळ्यात तुमची धरणं भरून वाहिली की पाणी खाली येणारच. त्याला उपकार म्हणू नका.

बाकी कुणाला मतभेद असतील तर जरूर लिहा, प्रतिक्रिया काढून टाकायची माझी सवय नाही. फक्त नाव घाला.

खाली एका ताईंनी साधा प्रश्न विचारलाय, हे पाणी उकळून प्यायलं तर चालेल का? त्याचं उत्तर या गडबडीत राहिलं. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण निळ्या-हिरव्या शेवाळाची विषद्रव्यं उकळून जात नाहीत. पाण्यावर हिरवा तवंग किंवा मातकट वास असेल तर ते पाणी पिण्यासाठी वेगळं काढू नका, धुण्याला वापरा. आणि पिंप रिकामं झालं की तळ घासून मगच पुन्हा भरा.